आतल्या भिंती तेवढ्या राहिल्या

अहो,

मायना एवढाच जमतोय. 'प्रिय' लिहून पाहिलं आणि खोडलं. तुमचं नाव घ्यायला मला उखाणा लागायचा, तिथे प्रिय कुठून लिहू? सोळा वर्षांत तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. गावाबाहेर गेलात तर चार दिवस, आणि पत्र पोचायच्या आत तुम्हीच परत.

आज लिहितेय, कारण आज सकाळी माळनाक्यापलीकडच्या आपल्या जागेत घराची आखणी झाली. तुम्ही तापाने गेलात त्याला तीन महिने झाले. भावोजी म्हणाले, चिरे दोन वर्षं पडून आहेत, दादाची इच्छा होती, घर उभं करून घ्या, भाड्याच्या जागेत किती दिवस काढणार. मी बरं म्हटलं. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणते. जेवा म्हटलं की बरं, निजा म्हटलं की बरं. लोकांना वाटतं, सावरली बाई. सावरले कसली! मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा आपला वाटत नाही, तशी मी झालेय. मला काही होतच नाही.

तर तुमचे कागद घेऊन गेले. अकरा वर्षांचे अकरा कागद, दरसाल आपल्या घराचा एक नवा नकाशा.

पहिला आठवतो? मुंबईची ती जुनी मनोऱ्यांची इमारत पाहून आला होतात आणि आपल्या घराला निमुळत्या, टोकदार कमानी काढल्या होत्यात. म्हणालात, ही गॉथिक. मी म्हटलं, यात राहायचं की प्रार्थना करायची? दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

मग ग्रीक लोकांचे खांब आले. विजापूरला कामासाठी गेलात आणि आपल्या ओटीवर घुमट चढला. गोव्याहून आलात ते शिंपल्यांच्या तावदानांचं वेड घेऊन. इथल्या टेकडीवरच्या, ब्रह्मदेशातून हद्दपार केलेल्या राजाच्या वाड्यासमोर तर मला भर उन्हात तासभर उभं केलंत, ती रंगीत काचांची अर्धगोल खिडकी दाखवायला. म्हणालात, देश सुटला, पण आपल्या घराचा ढंग काही त्याने सोडला नाही. मला मात्र त्या दिवशीचं डोकं दुखलेलं आठवतंय.

शेवटचा कागद गेल्या वर्षीचा. मुंबईला समुद्रकाठी सिमेंटच्या नव्या इमारती उठतायत, त्या पाहून आलात. गोल कोपरे, आगबोटीसारखे कठडे, आणि वर सपाट छप्पर. कौलं नाहीत! रत्नागिरीत! धाकू मिस्त्री तेव्हा एवढंच म्हणाला होता, की पाऊस वर चढून बसेल तो दिवाळीपर्यंत उतरायचा नाही.

मी हसायची तुम्हाला. खालच्या आळीतल्या दोन खोल्यांत आपण राहायचं आणि भिंतीला टेकून घुमट ठेवायचे! बडा घर पोकळ वासा, म्हणायची. तुम्हाला ते लागायचं, ते मला दिसायचं.

तुमचं काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. कचेरीत तुम्ही नकाशानवीस. दवाखान्याच्या, धर्मशाळेच्या आतल्या भिंती तुम्ही आखायच्या आणि दर्शनी बाजू साहेब ठरवणार. म्हणून घरी आलात की तुम्ही दर्शनी बाजू काढायला बसायचात. एवढं कळत होतं, तर मी जीभ आवरायला हवी होती. नाही आवरली.

सकाळी धाकू मिस्त्री सुतळी, खुंट्या आणि चुन्याची फक्की घेऊन आला. आपल्याकडे कुदळ मारायच्या आधी घर जमिनीवर काढतात, खऱ्या मापाचं, आणि घरच्या बाईला मधे उभी करतात. चूल कुठे ते तिने सांगायचं, मग त्या धोरणाने बाकीच्या भिंती. मला उभं करताना भावोजी जरा घुटमळले. कुंकू नसलेली बाई ना मी! धाकूच म्हणाला, घरात राहणार कोण, वैनीच ना? मग विषय मिटला.

त्याने कागद एकेक उलगडले. मागून पाहिले, पुढून पाहिले, पुन्हा मागून पाहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वैनी, ह्या सगळा भायरचा हाय. आत काय हाय?"

मी हिसकावूनच घेतले कागद. टोकदार कमानींच्या मागे काही नाही. घुमटाखाली काही नाही. माजघर नाही, न्हाणी नाही, चूल तर नाहीच. अकराच्या अकरा कागदांवर नुसतं घराचं तोंड! मला तुमचा असा राग आला म्हणून सांगू! तीन महिन्यांत पहिल्यांदा मला काही वाटलं, आणि तो राग होता. रस्त्यावरच्या लोकांनी बघत उभं राहायचं, आणि बायकोने राहायचं कुठे, कमानीत? सरकारी धर्मशाळेला तुम्ही आत भिंती दिल्यात, मला नाही?

हे मी मोठ्याने बोलले, सगळ्यांच्या देखत. धाकूने ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्यानेही गणपतीच्या आधी तुम्हाला हेच विचारलं होतं. "सायेब म्हनले, आतला ती सांगंल. दरसाल इचारतो तिला."

विचारत होतात. खरंच विचारत होतात हो! कागद पुरा झाला की खिडकीशी धरायचात आणि म्हणायचात, आत कसं हवं, सांग. आणि मी काय म्हणायची? मला मेलीला काय कळतंय त्यातलं, करा तुम्हाला हवं तसं. नाहीतर, आधी जेवून घ्या, आमटी निवतेय. मला वाटायचं, कौतुक करून घ्यायला आलेत. तुम्ही कागद गुंडाळून ठेवायचात आणि पुढच्या साली नवा घेऊन यायचात. हा तरी हिला आवडेल, हा बघून तरी ही बोलेल, असं वाटायचं का तुम्हाला?

आणि हे मला आज, धाकूच्या तोंडून कळावं! माझं चुकलं. पण एकदा तरी तो कागद माझ्या पुढ्यात आपटायचा होतात, बोल म्हणायचं होतंत. इतकं सोशिक असू नये माणसाने. तेवढं तुमचंही चुकलं.

मग मी सांगायला लागले. चूल आग्नेयेला आणि तिच्याजवळ विहिरीच्या बाजूला खिडकी. माजघर ऐसपैस. न्हाणी मागच्या पडवीला लागून, म्हणजे पावसात भिजत जायला नको. मी पुढे चालत होते आणि धाकू मागून फक्की टाकत होता. मला काय कळतंय म्हणणारी बाई एकदाही अडखळली नाही. ओटीजवळची एक खोली उरली. ही कशाची, धाकूने विचारलं.

"यांच्या टेबलाची," मी म्हटलं. "खिडकी उत्तरेला ठेव. यांना कागदावर ऊन चालत नाही."

धाकूचा हात थांबला. भावोजींनी मान वळवली. काय झालं ते मला क्षणभर कळेना.

मग कळलं. पण मी 'बदल' असं म्हटलं नाही. धाकूने चारी बाजू पुऱ्या केल्या, उत्तरेला खिडकीची जागा मोकळी सोडली. त्या चार रेघांच्या आत मी खाली बसले आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.

उद्या कुदळ मारतील. दर्शनी बाजू मी गोव्याची धरलीय, शिंपल्यांच्या तावदानांची, वर उतरती कौलं. ती तुम्ही दाखवलीत त्याच दिवशी मला आवडली होती. तुम्हाला सांगितलं नाही.

ती खोली मी कुणाला देणार नाही, भाड्याने नाही की पाहुण्याला नाही. आणि यापुढे मला कुणी विचारलं, तुला काय हवंय, तर मी सांगेन. हे वचन तुम्हाला देते. तुम्ही अकरा वेळा विचारलंत.

तुमची,
सुमती