साबणाचा फेस

जहाजावरून, नॉर्वेजवळचा समुद्र
१२ मार्च १९९९

प्रिय नीलिमास,
नागसेनचा सप्रेम जयभीम.

मी बरा हाय. थंडी लय हाय, पण तू विणलेला स्वेटर अंगातनं निघत न्हाई. आईला सांग, इथला गॅस पेट घेत न्हाई. हवेत सुटू नये म्हणून कंपनीनं समुद्राच्या तळाखाली दगडात कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवलाय. तो कुठं सुटतोय का, ते बघायचं काम आमच्या जहाजाचं. कॅमेरा खाली सोडायचा आणि पडद्यावर बुडबुडा दिसतो का बघत बसायचं. अजून एकबी दिसला न्हाई.

तुझं पत्र मिळालं. आपल्या सिलेंडरचा वास येत होता, शेजारच्या महेंद्रनं साबणाचा फेस लावून गळती शोधली, वॉशर बदलला, असं लिहिलंयस. बरं झालं. पण त्याच्या हाताला गुण हाय, हे लिहायची काय गरज होती? कुपवाडच्या कारखान्यात त्याला फेस लावायला मीच शिकवलं.

मी हितं समुद्राच्या बुडाशी गळती शोधतोय, आणि माझ्या स्वयंपाकघरातली त्यानं शोधली. त्याला नुसता चहाच दिलास, का पोहेबी केलेस? तू लिहिलं न्हाईस, म्हणून विचारतो.

आईचा गुडघा कसा हाय? प्रियंका शाळेला जाते न्हवं?

परत वास आला तर खिडकी उघड, रेग्युलेटर बंद कर आणि फेस तूच लाव. बुडबुडा दिसला तर गॅसवाल्याला बोलव. महेंद्रला मी आल्यावर बोलवू.

तुझ्याच घरचा फिटर,
नागसेन