खादाड खोकी

अण्णा, काल माझ्या मुलाने नवा ॲम्प्लिफायर आणला आणि आवाज चढत नाही म्हणून दिवसभर चिडचिड केली. दुकानदार म्हणतो, आणखी मोठा घ्या. मी म्हटलं, आधी तुझा स्पीकर किती खातो ते बघ. हे आजोबांचं बोलणं आहे, हे त्याला कुठून कळणार? तो जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात.

ऐंशीच्या दशकातलं ते वर्ष. कारखान्यातून आलात की तुम्ही स्वयंपाकघरात, आईच्या स्टोव्हशेजारीच, स्पीकरची खोकी बनवत बसायचात. आत कापूस, पुढे काळं कापड, वर पॉलिश. भोंग्यातून माणूस नाकात बोलतो, असं तुमचं म्हणणं. आणि त्या जयंतीला आपल्या वसाहतीत आई पहिल्यांदा माइकसमोर उभी राहणार होती. प्रौढवर्गात अक्षरं गिरवून तिने स्वतःचं भाषण तयार केलं होतं. आवाज मात्र इतका हळू, की शेजारच्या खोलीतून तिने हाक मारली तरी आम्हा पोरांना ऐकू यायची नाही. तो शेवटच्या रांगेपर्यंत जावा, एवढाच तुमचा हट्ट.

कार्यक्रमाआधी चाचणी चालली आहे. मी मैदानाच्या टोकाला उभी, ऐकू आलं की हात वर करायचा. आई माइकवर नुसते आकडे मोजते, माझ्यापर्यंत काहीच येत नाही. तुम्ही आवाज वाढवता तर तो फाटतो. शेजारचे काका धावत जाऊन दुसरा ॲम्प्लिफायर आणतात. "डबल वॅटचा हाय, आता बघा!" जोडला, आणि फरक पडला तो जेमतेम. आईचा चेहरा उतरला. "अहो, माझाच आवाज बारीक. जाऊ द्या, दुसऱ्या कुणाला तरी बोलू द्या."

तुम्ही केवढे भडकलात! "तुझा आवाज बरोबर आहे. माझी खोकी खादाड आहेत. दुप्पट दिलं तरी गिळून बसतात." मग सगळ्यांदेखत ती उतरवलीत आणि ज्या भोंग्यांना नावं ठेवायचात, तेच लिंबाच्या झाडाला बांधलेत. ॲम्प्लिफायर तुमचा जुना, लहानसाच. "भोंग्याला थोडं दिलं तरी तो पुष्कळ बोलतो," काकांना म्हणालात, आणि आईला, "आता बोल. ओरडू नकोस." मी हात वर केला, मग रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. परत आले तर तुमच्या पॉलिश केलेल्या खोक्यांवर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. तुम्ही तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई आता थकली आहे. अधूनमधून विचारते, "मी त्या दिवशी काय बोलले होते गं?" आणि मी दरवेळी काहीतरी रचून सांगते. म्हणून हे पत्र तिलाही दाखवायचं नाही. खरं तर भाषण सुरू झालं तेव्हा मी अगदी पुढे बसले होते, पण तिचं एक वाक्यही मी ऐकलं नाही. मी तुमच्याकडे बघत होते, अण्णा. भोंग्याखाली उभे राहून तुम्ही रडत होतात.