सड्याची हिरवळ

बंगला क्र. ७, नवीन पनवेल
१२ मे २०२४

चि. सौ. स्नेहल हिला,
अनेक आशीर्वाद. इथे आम्ही मजेत. आम्ही म्हणजे मी आणि हिरवळ. इराचा पुढचा दात पडला का? देवेशने फोटो पाठवलेला नाही, त्याचे हात मोडलेत का विचार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी आधी ओरडते आणि मग विचार करते. तुझ्याइतकं हे कोणाला माहीत असणार!

आधी बातमी. आपली हिरवळ जिंकली गं!

मार्चमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी प्रभाकर दारात उभे. "शशिकलाताई, नळाला एक दिवसाआड पाणी, आणि तुम्ही गवत पोसताय? मेमध्ये तुमच्या बागेच्या नळाचं मीटर गेल्या वर्षीपेक्षा खाली आलं नाही, तर लॉन काढून पेव्हर ब्लॉक टाकायचे." मी म्हटलं, "टाका. आणि खाली आलं तर?" "तर तुमचा सत्कार करू," म्हणून हसले. ते हसणं मला असं झोंबलं!

आज सकाळी मीटर वाचलं. गेल्या वर्षीच्या निम्म्यावर! प्रभाकरांनी चष्मा पुसून परत वाचलं. भर मे महिन्यात शेजारची अंगणं पिवळी पडलीत आणि आपल्या दारात हिरवंगार. विचारतात कसे, "ताई, गुपचूप टँकर मागवता का?" मी म्हटलं, "मोजा की टायरचे ठसे!"

युक्ती फार नाही. पाणी चार-पाच दिवसांनी एकदाच, पहाटे उन्हाआधी, पण पोटभर. मग स्वेटरची सुई मातीत खुपसायची, वीतभर सहज गेली की बस. गवत तीन-चार बोटं उंच ठेवायचं, पूर्वीसारखं तासून गालिचा करायचा नाही. कापलेलं तिथेच पडू द्यायचं, त्याची सावली मातीला. कडेच्या पट्टीला तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी. आणि गवतावरून चालून बघायचं. पाऊल उठून तसंच राहिलं, तर त्याला तहान लागलीय. गवत लगेच उभं राहिलं, तर पाइपला हात लावायचा नाही.

हे मला शिकवलं कोणी, ते लिहायचं राहून जातंय. जातंय कसलं, मीच टाळतेय.

आपल्याकडे भाजी घेऊन येणारे काशीराम आहेत ना, त्यांनी मार्चमध्येच मला संध्याकाळी पाइप धरलेलं पाहिलं. टोपली खाली ठेवली आणि म्हणाले, "आवं बाय, यो काय आंगन हाय, रोज सडा घालाला? वरच पानी भेटतंय, तं मुळ्या खाली कशाला जातील? आमी शेतात आसं करत नाय." मी रागावले. मग एका कोपऱ्यातलं गवत उपटून बघितलं. मुळ्या बोटाच्या पेराएवढ्या!

स्नेहल, जन्मभर मी दारात सडा घातला. ह्यांनी हिरवळ लावली आणि गेले, तेव्हापासून तिलाही रोज सडाच घालत आले. माया केली असं वाटायचं मला.

गेल्या मेमध्ये मी आठ दिवस बहिणीकडे गेले. तू ऑफिस सांभाळून, पाणीकपातीत, चार दिवसांनी एकदा भरपूर पाणी घातलंस. मी परतले तर सगळं वाळलेलं. गेटवर, सगळ्या शेजाऱ्यांसमोर मी तुला म्हटलं, "ह्यांची शेवटची आठवण तू मारलीस." महिन्याभरात तुम्ही खारघरला भाड्याने गेलात. पावसात हिरवळ पुन्हा फुटली, आणि मी पुन्हा रोजचा सडा सुरू केला.

तू घातलंस तेच बरोबर होतं गं. ती तुझ्यामुळे गेली नाही. माझ्या सड्याने तिची मुळं आधीच वर आणून ठेवली होती. रोजचा सडा चुकला की पहिल्याच उन्हात ती जाणार होती. मी खोटं बोलले, आणि मोठ्याने बोलले.

चारचौघांत बोलले, ते घरात बसून मागे घेऊन चालणार नव्हतं. आज मीटरनंतर सोसायटीची बैठक होती. प्रभाकर नारळ आणि शाल घेऊन उभे राहिले. मी शाल घेतली नाही. सगळ्यांसमोर सांगितलं, हिरवळीला कसं पाणी द्यायचं ते माझ्या सुनेला आधीपासून येत होतं, आणि मी तिच्यावर खोटा आळ घेतला. त्या दिवशी गेटवर उभ्या होत्या ना, त्या सोनाबाई, त्यांनी आधी टाळी वाजवली.

प्रभाकरांनी लगेच फाटकाजवळच्या फळ्यावर सगळ्यांसाठी पाण्याचा नियम लिहिला. वर मोठ्या अक्षरांत: "स्नेहलची पद्धत". मी पुसू देणार नाही.

शाल तुझ्या कपाटात ठेवलीय. पुढचं पाणी गुरुवारी पहाटे. इराला अनवाणी आण. पाइप मी धरणार नाही, तू धरायचास.

चुकलेली, पण तुझीच,
आई