झग्याचे बंद

सोमवार
पाठीचे विकार शिकवणाऱ्या विभागात रुग्णाला जो झगा देतात, त्याला पाठच नसते. याचा मी तीव्र निषेध नोंदवतो. मागे नुसते दोन बंद. तेही आपले आपण बांधायचे. निवृत्त संस्कृत शिक्षकाची अब्रू त्या दोन गाठींवर! बाकी नोकरी झकास. वैद्यकीय महाविद्यालयात मी खोटा रुग्ण. शिकवणाऱ्या मॅडम चिठ्ठीवर दुखणं लिहून देतात, मी ते वठवतो, विद्यार्थी तपासून निदान करतात. ही म्हणाली, घरी इतकी वर्षं फुकट केलीत ती नाटकं आता पगारावर करा. खरंच काही झालं तर म्हणायला एक परवलीचा शब्द हवा होता. मी ‘विराम’ सुचवला. मॅडमना तो फार भारदस्त वाटला.

गुरुवार
आज माझी कमरेतली गादी सरकली होती. पाय सरळ उचलला की कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत न्यायची. मी ‘दुःसह वेदना’ म्हणालो. मॅडमनी बजावलं, काका, रुग्ण नुसतं ‘आई गं’ म्हणतो. मग चहाची वेळ टळत चालली म्हणून मी गंभीर चेहऱ्याने ‘विराम’ म्हणालो. सगळे धावले. मी बिस्कीट मागितलं. वर्ग खो खो हसला. एक चष्मेवाली तेवढी हसली नाही.

मंगळवार
नवी चिठ्ठी: मानेत मज्जारज्जू दबलेला. बोटं अवघडलेली, चाल ताठ, मान छातीकडे वाकवली की पाठीतून वीज. मॅडम म्हणाल्या, ही वीज वठवणं अवघड, सराव करा. सराव लागलाच नाही. मान वाकवली आणि वीज थेट टाचांपर्यंत गेली. अभिनयाचं बळ म्हणायचं. झग्याचे बंद मात्र चष्मेवालीने बांधून दिले. माझी बोटं गाठीपाशी घुटमळत राहिली.

शुक्रवार
हातातून कप पडला. ही म्हणाली, कॉलेज घरी आणू नका. सदऱ्याची गुंडी लागेना. तिने लावून दिली, पण हसत. जिना उतरताना पाय दुसऱ्या कुणाचे तरी. वर्गात माझ्या चालीला टाळ्या पडल्या.

सोमवार
मॅडमना एकट्यांना गाठून सांगितलं, हे आता खरंच होतंय. त्या मायेने म्हणाल्या, वाचलेला प्रत्येक रोग आपल्याला झालाय असं दरवर्षी निम्म्या वर्गाला वाटतं. तुम्ही आता खरे आमचे झालात. मी ‘विराम’ म्हणालो. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे केला.

बुधवार
चष्मेवालीने माझा तळपाय खरवडला. अंगठा वर गेला. लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मला श्लोक म्हणायला लावून पुन्हा खरवडला — पुन्हा वर. ती म्हणाली, मोठ्या माणसाचा अंगठा खाली जायला हवा, वर गेला म्हणजे मज्जारज्जू खरंच दबलाय, काका हे मुद्दाम करत नाहीत. मॅडम घाईत होत्या. म्हणाल्या, काका चिठ्ठी पाठ करून येतात. वर्ग हसला. पोर रडवेली झाली.
उद्या परीक्षा. बाहेरचे परीक्षक. त्यांनी माझी बिस्किटं पाहिलेली नाहीत. त्यांना अंगठा दाखवायचा, बस —

गुरुवार, सकाळ
हे अक्षर माझं नाही. पेन्सिल मुठीत धरलीय. हिला म्हटलं, मला डॉक्टरकडे ने. म्हणाली, डॉक्टरांकडेच तर निघालात!

परीक्षेची खोली. झगा अंगावर, बंद सुटेच. परीक्षकांना सांगू गेलो — त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. रुग्णाने परीक्षकाशी बोलायचं नसतं. ‘विराम’ म्हणालो. ते हसले. मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय, आमचे काका थट्टेखोर आहेत —

क्रम ठरलेला. आधी मान. मग हात. शेवटी पाय. एकेक जण येणार, एकेक जण मान वाकवणार, दर वेळी मज्जारज्जू आणखी दबणार. चष्मेवाली रांगेत शेवटची —

थट्टा पुरे. पाय जातील याची भीती आहेच. पण खरी भीती ही, की ते जाताना मी ओरडेन आणि हे लोक मला टाळ्या —

दार उघडलं. पहिला आला. माझ्या पायापर्यंत कुणी पोचायच्या आत जर