कपडे वाळवायची खोली

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, उगाच काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा काय म्हणतोय?

लॉन्ड्रीत माझ्या शेजारी इस्त्री करणारीला घरमालकाने बाहेर काढलं. पोटुशी आहे गं. "तुझी दुसरी खोली रिकामीच असते ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तिथे कपडे वाळत घालते."

त्याच रविवारी चर्चमध्ये फादरनी पोपचा संदेश वाचून दाखवला: बेघरांना घरात घ्या. मिस्सा संपल्यावर मी विचारलं, "फादर, पोपचं सगळंच ऐकावं लागतं का?"

"श्रद्धेच्या मूळ गोष्टी मानायच्याच," ते म्हणाले. "बाकीचंही मनापासून ऐकायचं, पण ते कसं पाळायचं, हे कधीकधी आपल्या विवेकाने ठरवावं लागतं."

मी हुश्श केलं. सुटले बाई, असं वाटलं.

ती आता लॉन्ड्रीतच चादरींच्या गठ्ठ्यांवर झोपते. सकाळी माझीही इस्त्री तापवून ठेवते.

तू पोपचा शब्द खाली पडू देत नाहीस, म्हणून मी तुला हसायचे. पण तू फादरना विचारायला गेलीच नसतीस. आधी गादी घातली असतीस.

कपडे कधीच वाळलेत, आई.

तुझीच,
धाकटी