पेल्यांच्या कपाटाची किल्ली

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, १८ मार्च २०२५

चि. शांतवन यास,
अ. उ. आ. आणि प्रभूत सलाम.

फोनवर तुझा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. कानाचं यंत्र लावलं की खडे मोठे होतात, एवढाच फरक. म्हणून हे पत्र. शिवाय मला जे बोलायचं आहे ते या घरात मोठ्यानं बोलायची सोय नाही.

परवाच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीनं ज्येष्ठांचा सन्मान केला. स्टेजवर भलामोठा बॅनर, त्यावर पिकल्या केसांसमोर उठून उभं राहावं ही शास्त्रातली आज्ञा. आणि त्या बॅनरखाली उभे कोण, तर आम्ही चाळीस पिकले केस! पाहुणे यायला पाऊण तास लागला. तोवर काळे केस खुर्च्यांवर बसून आमचे फोटो काढत होते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं भिंतीला पाठ टेकली, तर स्वयंसेवकानं त्याला रांगेत सरळ केलं.

माझी पाळी आली. शाल, गुलाब, फोटो. माझा सुयश, तुझा भाचा, आता चर्चच्या पंच कमिटीचा सेक्रेटरी आहे. तो माईकवर काहीतरी बोलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ऐकू आलं नाही, पण टाळ्या दिसल्या म्हणून मीही हसून हात जोडले. खाली आल्यावर बायका गळ्यात पडायला लागल्या. मी नातीला, मोनिकाला, खुणेनं विचारलं, तेव्हा पोरीनं मोबाईलवर लिहून दाखवलं. रूथबाईंनी बावीस वर्षं प्रभुभोजनाच्या पेल्यांची सेवा केली, आता मंडळी त्यांना आराम देत आहे, असं तिचा बाप म्हणाला होता. म्हणजे माझं काम काढून घेतलं त्याला मी हात जोडून आलेय, शांतवन. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

घरी येऊन सुयशला विचारलं. मग कळलं की दोन तारखेच्या उपासनेत कॉयरमधल्या एका बाईचा ओठ पेल्याच्या काठानं कापला. दोन आठवडे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून. का नाही सांगितलं, तर म्हणे तुला त्रास नको. आता दर महिन्याला प्लॅस्टिकचे पेले यायचे, वापरा आणि फेका. प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचे माझे शहाण्णव इवले काचेचे पेले भंगारात जायचे आणि त्या कपाटात स्पीकरच्या वायरी राहायच्या. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आत कपाट रिकामं करून किल्ली दे, असा हुकूम आहे. सूनबाई रूपालीनं तर शाल घडी करून उशाशी ठेवलीसुद्धा.

किल्ली माझ्या पोलक्यात आहे आणि तिथंच राहील. मी नर्स होते, चौतीस वर्षं लोकांची रक्तं पुसली. पेले विसळता येत नाहीत इतकी मी अजून गेलेली नाही. तू मास्तर आहेस, सुयश तुझं ऐकतो. त्याला दोन खडसावून शब्द लिही. वाट पाहते.

तुझ्यावर जीव आहे तो तसाच आहे, पण पत्राला उशीर केलास तर पातळ होईल.

तुझी अक्का,
रूथ

*

अहिल्यानगर,
मंगळवार, २५ मार्च २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि. आणि सलाम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण तुझं अक्षर रागात उजवीकडे पळतं. माझे गुडघे बरे आहेत, विचारलं नाहीस तरी सांगतो.

ज्येष्ठांना रांगेत उभं केलं हे वाचून मी हसलो आणि मग वाईट वाटलं. स्टेजवर तुला न सांगता तो निर्णय जाहीर केला हे तर सरळ चूक. मायबापाचा मान ही आज्ञा आपण लहानपणी पाठ केली तेव्हा तिच्यात माईक नव्हता. हे सगळं मी सुयशला लिहीन.

पण आधी एक. पेल्याच्या काठाचा टवका उडाला होता आणि तो तुला दिसला नाही, हे खरं ना? मोतीबिंदूचं ऑपरेशन तू तिसऱ्यांदा पुढं ढकललंस, तेही खरं. बाईचा ओठ कापला त्याबद्दल तुझ्या तीन पानांत एकच ओळ आहे. मी मास्तर आहे, ओळी मोजायची सवय जात नाही.

आणि दुसरं. तुझी सगळी पत्रं माझ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. त्यातलं एक शोधून झेरॉक्स काढून सोबत पाठवतोय. त्या साली ईस्टर यंदासारखाच वीस एप्रिलला होता. वाच आणि मग सांग, सुयशला नेमकं काय लिहू. रागावशील, ठाऊक आहे. राग ओसरल्यावर जो लोभ उरेल तो माझ्या नावावर ठेव.

तुझा,
शांतवन

*

(सोबतची झेरॉक्स)

औरंगाबाद,
सोमवार, २१ एप्रिल २००३

चि. शांतवन यास,
अ. उ. आ. आणि ईस्टरचा सलाम.

एक आनंदाची बातमी. या पवित्र गुरुवारपासून प्रभुभोजनाच्या पेल्यांचं काम माझ्याकडे आलं. आजवर दगडाबाई करायच्या. सहासष्ट वर्षांच्या झाल्या, डोळ्यांना नीट दिसत नाही, एक पेला धुताना पाच मिनिटं लावायच्या. प्रत्येक पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत बसायच्या, जसं काही माळ जपतायत. कमिटीत मीच विषय काढला. उपासनेनंतर सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली, फोटो काढला आणि मी प्रेमानं म्हटलं की बाई, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा. किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली होती, ती मीच सोडून घेतली. आधी सांगितलं नव्हतं, उगीच त्यांना त्रास नको म्हणून. बिचाऱ्या काहीच बोलल्या नाहीत, खूश असाव्यात.

आता मी शहाण्णव पेले अर्ध्या तासात उरकते. सुयशची बारावी... (पुढचं पान तुझ्या कामाचं नाही म्हणून काढलं नाही. शां.)

*

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार, १ एप्रिल २०२५

चि. शांतवन यास,
आशीर्वाद. आज सलाम नाही.

तू फार वाईट माणूस आहेस. सख्ख्या बहिणीची पत्रं असली कामं करायला जपून ठेवतात का?

झेरॉक्स वाचून आधी वाटलं, माझी गोष्ट वेगळी होती, मी त्यांना त्रास नको म्हणून केलं होतं. ते लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. सुयशही हेच म्हणाला होता, शब्दाला शब्द. ते पत्र कुणी नाव झाकून मला वाचायला दिलं असतं, तर मी त्या बाईला चार शिव्या दिल्या असत्या. आता कुणाला देऊ? दोन दिवस घरात सगळ्यांवर डाफरतेय. रूपालीला वाटतं बीपी वाढलंय, ती मीठ कमी करतेय. अळणी आमटी खाऊन राग आणखी वाढतो.

कॉयरमधल्या बाईकडे जाऊन आले. ओठ बरा आहे. माफी मागितली. तू ओळी मोजतोस म्हणून सांगितलं.

दगडाबाई ईस्टरनंतर मागच्या बाकावर बसायला लागल्या आणि वर्षभरात यायच्याच बंद झाल्या. नातवाला कंपनीत नोकरी लागली म्हणून ते कुटुंब चितेगावला गेलं, एवढंच मला माहीत होतं. पैठण रोडनं इतक्यांदा गेले, कधी उतरले नाही. पाळकसाहेबांना विचारलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत, दिसत अजिबात नाही, कान मात्र शाबूत. जायला हवं. काय तोंडानं जाऊ?

तुझी,
अक्का

*

अहिल्यानगर,
सोमवार, ७ एप्रिल २०२५

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

आहे त्याच तोंडानं जा, त्यांना दिसत नाही. मोनिकाला बरोबर ने, त्या काय म्हणतात ते ती लिहून दाखवील. सुयशला अजून लिहिलेलं नाही, तू जाऊन आल्यावर लिहीन.

आणि कृपा करून शाल नेऊ नकोस.

सलाम. राग असला तरी लोभही असू दे, दोन्हींना जागा आहे.

तुझा,
शांतवन

*

छत्रपती संभाजीनगर,
उत्तम शुक्रवार, १८ एप्रिल २०२५

चि. शांतवन यास,
अ. उ. आ. आणि सलाम, मागच्या वेळचा राहिलेलाही यातच धर.

शनिवारी कपाट रिकामं केलं. पेले भंगारात जायचेच होते, तर ज्यांच्याकडून घेतले त्यांना दाखवून तरी द्यावेत असं मनात आलं. मोनिकानं रिक्षा ठरवली. पेल्यांच्या पेट्या मांडीवर घेऊन आम्ही दोघी चितेगावपर्यंत प्रत्येक खड्ड्याला प्रभूचं नाव घेत गेलो.

दगडाबाई ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. मी नाव सांगितलं तर म्हणाल्या की आवाजानं वळखलं, लई मोठ्यानं बोलतीस, भैरी झालीस व्हय. मी काही बोलायच्या आत पेले किणकिणले. त्यांनी हात पुढं केला. एक पेला दिला, तर कडेवरून बोट फिरवलं आणि उजव्या बाजूला ठेवला. दुसरा, तिसरा. चौथ्याला थांबल्या आणि तो डाव्या बाजूला सारला. मोनिकानं उजेडात धरून पाहिलं. केसाएवढा टवका होता. दोन तास लागले. शहाण्णवातले अकरा डावीकडे गेले. हे अकराही मी दोन मार्चला पुसून ट्रेमध्ये लावले होते, लोकांच्या ओठांसाठी. ज्या बोटाची मी तुला लिहून चेष्टा केली होती, ते याच कामाचं होतं. मला त्यांनी ते कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मग मला राहवलं नाही. पोलक्यातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि माफी मागितली. रडले, काय लपवू. त्यांनी किल्ली चाचपली आणि परत माझ्याच मुठीत दाबली. मोनिका लिहीत होती, तिचं लिहिलेलं समोर आहे तेच उतरवते. त्या म्हणाल्या की किल्लीचं काय, किल्ली कवा तरी दुसऱ्याच्या हाती जायचीच. शाल बी आंगावर घेतली म्या. पर दुसऱ्या दिसापासून तू मला कायच इचारलं नाय. पेले कुठं वाळवायचे, फडकं कोन्तं, कायच नाय. म्या वरीसभर मागच्या बाकावर बसले, का आता इचारशील, मग इचारशील. मग म्हनलं, जाऊ दे.

शांतवन, परतीच्या रिक्षात मोनिकाचं ते लिहिलेलं मी पुन्हा पुन्हा वाचत आले.

त्या रात्री सुयशच्या ताटाशेजारी ती झेरॉक्स ठेवली. त्यानं वाचली. अक्षर माझं आहे हे कळायला त्याला वेळ लागला असावा, कारण मध्येच थांबून वरची तारीख पाहिली. काही बोलला नाही. रविवारी झावळ्या घेऊन आलो गेलो, तरी नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. माझा पारा इतका चढला होता की तुला तार करावी असं वाटलं, पण तारा बंद झाल्या.

बुधवारी संध्याकाळी तो खोलीत आला. दारातून काही सांगून निघून जाणं ही त्याची रीत. या वेळी खाटेवर बसला. ड्रॉवरमधून कानाचं यंत्र काढून माझ्या हातात दिलं, मी ते लावेपर्यंत थांबला. आणि मग त्यानं विचारलं की आई, उद्याच्या प्रभुभोजनाचं कसं करायचं.

सांगितलं नाही, शांतवन. विचारलं.

मी अर्धा तास बोलले. त्याला मधूनच घड्याळ बघावंसं वाटत होतं, मला दिसत होतं, पण बघितलं नाही. काल पंच्याऐंशी पेले मी आणि मोनिकानं धुतले, पुढच्या बाकांना काचेचे आणि मागच्यांना प्लॅस्टिकचे गेले. पुढच्या महिन्याचं कमिटी ठरवणार आहे. वायरीचं खोकं कपाटासमोर येऊन बसलंय, त्यावरून आज सकाळीच वाद झाला. तेव्हा सगळं गोड झालं असं समजू नकोस. मी मोनिकाला विचारलं, हे काम शिकशील का. म्हणाली, परीक्षा झाल्यावर सांगते. बरं म्हटलं. ऑपरेशनची तारीखही घेतली आहे. पुढच्या शनिवारी चितेगावला जायचंय, फडकं कोणतं ते विचारायचं राहिलं.

सुयशला आता काही लिहू नकोस. आणि तुझे गुडघे कसे आहेत? तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे, तरी मी विचारीन. तूही विचारत जा.

तुझी अक्का,
रूथ