ढगांतलं मला कळतं

१२ सप्टेंबर, गुरुवार
ठरलं. शनिवारी शिखर. मी आणि मेव्हणा. हवामान खातं म्हणतं, दुपारनंतर वादळ, डोंगरावर जाऊ नये. शी! एसीत बसून लोकांना घाबरवायचं, एवढंच काम. मी वीस वर्षं ऑफिसच्या खिडकीतून ढग बघतोय. बायको म्हणाली, त्या खिडकीतून फक्त समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. घरात पाठिंबा शून्य.

१३ सप्टेंबर
बॅग भरली. बायकोने तीत माझा रेनकोट घातला. मी काढला. तिने पुन्हा घातला. मी पुन्हा काढला. वजन वाढतं. मेव्हण्याने शिट्टी, बँडेज, दोन बॅटऱ्या घेतल्यात. बालवाडीची सहल आहे का ही? किळस येते असल्या भित्रेपणाची.

१४ सप्टेंबर, सकाळी ७
पायथ्याची चौकी. पहारेकरी म्हणाला, साहेब, आज नका जाऊ, बाकीचे सगळे परत फिरले. त्याला निळंशार आकाश दाखवलं. दोनच्या आत परत या म्हणाला. त्याने वहीत आमची नावं लिहिली, कपड्यांचे रंगही विचारले. म्हणे, शोधताना उपयोगी पडतात. आगाऊ माणूस.

११.४०
थोडे ढग. शोभेचे.

१.१५
गारा. बुटांत चिखल, कानांत पाणी. घाणेरडा डोंगर. मेव्हणा म्हणाला, दाजी, अजून वेळ गेलेली नाही, फिरू या. मी म्हटलं, शिखर हे काय, समोरच आहे. (दिसत नव्हतं.)

२.३०
मेव्हणा घसरला. पाऊल भलतीकडेच वळलंय. बघवत नाही. फोनला रेंज नाही. मदत आणायला मी निघतोय. त्याचा रेनकोट घेतला. चालणाऱ्याला जास्त गरज असते. त्याने खिशातून शिट्टी काढली.

३.१०
कपारीत बसलोय. तात्पुरता. धुक्यात उतरणं शहाणपणाचं नाही. मागून शिट्टी ऐकू येतेय. सारखी. डोकं उठलं.

१५ सप्टेंबर
हॉस्पिटल. फिनेलचा वास. आम्ही दोनपर्यंत न परतल्यामुळे पहारेकऱ्याने स्वतःच बचाव पथक बोलावलं. अकरा माणसं, पाच तास पावसात. पथकाच्या प्रमुख एक बाई, पोहण्याच्या शिक्षिका. शिट्टीवरून मेव्हणा सापडला. मग त्याने माझी दिशा दाखवली. चाळीस पावलं. मी एवढंच लांब गेलो होतो. उतरताना बाईंनी माझा हात सोडलाच नाही. बायकोला त्या म्हणाल्या, यांना साधं खरचटलंही नाही. कौतुक नव्हतं ते.

१६ सप्टेंबर
मेव्हण्याच्या पायात सळई घातली. पथकातला एक जण जबाब घ्यायला आला. मेव्हण्याचा जबाब त्याने मोठ्याने वाचला: वर जायचा हट्ट आम्हा दोघांचा होता. पाय मोडल्यावर मीच दाजींना मदत आणायला पाठवलं. ते धुक्यात वाट चुकले.
वाट चुकलो नव्हतो. उठलोच नव्हतो.
मेव्हणा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बायको माझ्याकडे बघत होती. त्या माणसाने विचारलं, तुम्हाला वेगळं काही सांगायचंय?
नाही म्हटलं. सही केली.
बायको उठली आणि खुर्ची उचलून भावाच्या कॉटपाशी जाऊन बसली.